सहाव्या वेळी काय होतं

सायखेडा हे निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो आणि कांद्याच्या हंगामात गावाचा दिवस लिलावाच्या वेळेवर ठरतो. ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने लागतात, भाव पुकारला जातो, गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी पुन्हा चढते, आणि वजन, भाव, वजावट मांडून शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. मग राहते ती चुकवती. पैसे २४ तासांच्या आत मिळावेत हा बाजाराचा दंडक आहे. त्यामुळे पेढीवर रोज सकाळी पहिला प्रश्न एकच असतो: कोणाकोणाचं बाकी आहे?

गावातल्याच एका पेढीवर या प्रश्नाचं उत्तर देणारा प्रोग्राम सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा पेढीतल्या खालच्या फळीवरच्या वह्या भिजल्या. त्यानंतर शेठनी सगळा हिशोब संगणकावर घ्यायचं ठरवलं. प्रोग्राम दुसऱ्याच कुणीतरी नीट, काळजीने लिहिलेला होता. माहिती ठेवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस. मी संगणकशास्त्र शिकून नुकतीच घरी आलेली. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येत होतं, पण पुस्तकातलं. डेटाबेस आपल्या प्रश्नाचं उत्तर कसं शोधतो, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ती आणली एका विचित्र दुखण्याने. चुकवतीच्या खिडकीवर ‘बाकी यादी’ नावाची स्क्रीन आहे. बटण दाबलं की ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांतल्या सगळ्यात जुन्या ५० पट्ट्या समोर येतात. सकाळी प्रोग्राम उघडला की ही यादी बटण दाबताक्षणी यायची. थोड्या वेळाने तीच यादी यायला इतका वेळ लागायचा की खिडकीसमोरचा माणूस आत वाकून बघायचा. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की सगळं पूर्ववत, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. दिवाणजी काका म्हणाले, “पोरी, हा सुरुवातीला पळतो आणि मग बसतो. रोजचंच आहे.”

मला काही सुधरेना. संगणक जुना असेल म्हणून पाहिलं, तर मेमरी मोकळी होती. वायर, राउटर, सगळं तपासलं. मग त्या यादीमागची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मी डेटाबेसच्या खिडकीत हाताने लिहून चालवली. अर्थ साधा होता: हिशोबपट्टी या टेबलातून अशा ओळी दे, जिथे स्थिती ‘बाकी’ आहे, तारखेने जुनी आधी, फक्त पहिल्या ५०. उत्तर क्षणात आलं. त्याच वेळी शेजारच्या खिडकीवर प्रोग्राम तीच यादी आणायला धापा टाकत होता. एकच डेटाबेस, एकच टेबल, एकच प्रश्न, आणि उत्तराला लागणारा वेळ मात्र दोन तऱ्हांचा. हे कसं शक्य आहे?

माझी मावसबहीण नाशिकला याच क्षेत्रात नोकरी करते. तिला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तू हाताने टाकतेस ती क्वेरी आणि प्रोग्राम पाठवतो ती क्वेरी अक्षरन् अक्षर एक आहे का?”

“एकच आहे ना, ताई.”

“लॉगमध्ये बघून सांग.”

लॉग उघडला. माझ्या क्वेरीत होतं: स्थिती = ‘बाकी’. प्रोग्रामच्या क्वेरीत होतं: स्थिती = $१. ‘बाकी’ हा शब्द मागाहून, वेगळा पाठवलेला होता. फरक एवढाच.

हे $१ म्हणजे पॅरामीटर, नंतर भरायची मोकळी जागा. ती ठेवण्यामागे फार मोठं कारण आहे. पेढीच्या प्रोग्राममध्ये नाव, गाडी नंबर, शेरा असे रकाने असतात आणि तिथे कोणी काहीही टाइप करू शकतं. तो मजकूर जसाच्या तसा क्वेरीच्या वाक्यात चिकटवला, तर एखादा अवतरणचिन्हाचा खेळ करून त्यातून डेटाबेसला भलताच हुकूम देऊ शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. पॅरामीटर वापरले की वाक्य वेगळं जातं आणि मजकूर वेगळा; मजकुराचा कधी हुकूम होत नाही. दुसरा फायदा असा, की वाक्य एकदाच ‘प्रिपेअर’ करून ठेवता येतं आणि दर वेळी फक्त किमती बदलून चालवता येतं. आमचा प्रोग्राम सकाळी डेटाबेसशी जोडणी उघडली की हेच करायचा.

आता दुसरी बाजू. टेबलात काही वर्षांच्या पट्ट्या होत्या, लाखांत. प्रत्येक पट्टीची स्थिती तीनपैकी एक: चुकती, बाकी, किंवा वांधा. लिलावात दिसलेला माल आणि खळ्यावर ओतल्यावर निघालेला माल यांत फरक पडला की जो वाद होतो, त्याला आमच्याकडे वांधा म्हणतात. चुकत्या पट्ट्यांचा ढीग वर्षानुवर्षं वाढत राहतो. बाकी मात्र कायम मूठभरच, शेवटच्या एकदोन दिवसांतल्या. म्हणून आधीच्या माणसाने एक सुंदर गोष्ट करून ठेवली होती. इंडेक्स म्हणजे टेबलातल्या ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची. त्याने तारखेवर एक पार्शल इंडेक्स बनवला होता, म्हणजे अर्धवट नव्हे, तर निवडक ओळींचा इंडेक्स. त्याची अट होती: फक्त स्थिती ‘बाकी’ असलेल्या ओळी. पैसे दिले की ती पट्टी त्या इंडेक्सच्या हिशोबातून बाहेर. त्यामुळे लाखांच्या टेबलावर हा इंडेक्स एवढासाच राहायचा.

ही कल्पना नवी नाही. पोस्टग्रेसचा जन्म कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात झाला. तो प्रकल्प सुरू करणारे मायकल स्टोनब्रेकर यांनी १९८९ सालीच पार्शल इंडेक्सची बाजू मांडणारा निबंध लिहिला होता. आजच्या पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ही सोय २००२ च्या ७.२ आवृत्तीपासून नीट वापरता येऊ लागली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २००८ साली फिल्टर्ड इंडेक्स नावाने आली, एसक्यूलाइटमध्ये २०१३ साली. ज्या टेबलात बहुतेक ओळी ‘संपलेल्या’ आणि थोड्याच ‘चालू’ असतात, तिथे तिच्याइतकी कामाची गोष्ट नाही. आणि आपल्याकडचं कुठलंही उधारीचं, चुकाऱ्याचं, अर्जांचं टेबल घ्या, ते असंच असतं.

पोस्टग्रेसची अधिकृत माहिती वाचायला बसले. पार्शल इंडेक्सच्या प्रकरणात स्पष्ट दिलेलं आहे: क्वेरीची अट इंडेक्सच्या अटीत बसते की नाही, हे ठरतं ते योजना आखतानाच, क्वेरी चालताना नाही, म्हणून पॅरामीटरवाली अट पार्शल इंडेक्सला लागू पडत नाही. उदाहरणही आहे. इंडेक्सची अट ‘एक्स २ पेक्षा कमी’ असेल आणि क्वेरीत ‘एक्स अमुक मोकळ्या जागेपेक्षा कमी’ असेल, तर त्या जागी कोणतीही किंमत येऊ शकते. मग इंडेक्समध्ये हव्या त्या सगळ्या ओळी सापडतीलच, याची खात्री कोण देणार?

ही खात्री म्हणजेच सगळ्याचं मूळ आहे. डेटाबेसमध्ये प्लॅनर नावाचा भाग असतो. क्वेरी आली की कोणत्या वाटेने जायचं ते तो ठरवतो. त्याच्यावर वेगाचं बंधन नंतर. पहिलं बंधन बरोबर उत्तराचं. पार्शल इंडेक्सवरून जायचं, तर ‘या क्वेरीला हवी असलेली प्रत्येक ओळ या इंडेक्समध्ये आहेच’ हे त्याला आधी सिद्ध करावं लागतं. ‘बहुतेक असेल’ चालत नाही. शिवाय त्याची सिद्ध करण्याची ताकदही मर्यादित आहे. एक्स १ पेक्षा कमी असेल तर तो २ पेक्षाही कमी असणार, एवढं त्याला कळतं. त्यापलीकडे इंडेक्सची अट क्वेरीत जशीच्या तशी दिसावी लागते. वेगळ्या शब्दांत मांडलेली तीच अट तो ओळखेलच असं नाही.

दिवाणजी काकांना मी हे असं सांगितलं. समजा तुमच्याकडे एक मोठी रोजकीर्द आहे आणि एक छोटी बाकीची वही. मी म्हटलं, “काका, बाकीवाले सांगा,” तर तुम्ही छोटी वही उघडाल. पण मी म्हटलं, “काका, मी तुम्हाला एक स्थिती सांगणार आहे, कोणती ते मागाहून सांगेन, वही मात्र आत्ताच काढून ठेवा,” तर? काका म्हणाले, “मग मोठीच काढावी लागेल. उद्या तू चुकती म्हणालीस तर छोटीत काय बघू?” प्लॅनरचीही नेमकी हीच अडचण.

इथपर्यंत समजलं आणि माझा गोंधळ दुप्पट झाला. पॅरामीटरवाल्या अटीला पार्शल इंडेक्स लागू पडतच नाही, तर मग सकाळी यादी झटपट यायची ती कशाच्या जोरावर? प्रोग्राम सकाळीही $१ च पाठवत होता. नियम खरा असेल तर सकाळ खोटी, आणि सकाळ खरी असेल तर नियम खोटा.

ताईने सांगितलं, “हाताने प्रिपेअर कर आणि दर वेळी एक्स्प्लेन लावून पुन्हा पुन्हा चालव. थांबू नकोस.”

एक्स्प्लेन म्हणजे प्लॅनरने कोणती वाट धरली ते दाखवणारी आज्ञा. त्याला अ‍ॅनालाइझ जोडलं की क्वेरी खरोखर चालवून कुठे किती ओळी वाचल्या तेही दिसतं. मी क्वेरी प्रिपेअर केली, $१ च्या जागी ‘बाकी’ दिलं आणि चालवली. योजनेत छोट्या इंडेक्सचं नाव. दुसऱ्यांदा तेच, पाचव्यांदाही तेच. सहाव्या वेळी पडद्यावरची वाट बदलली. छोट्या इंडेक्सचं नाव गेलं आणि तारखेच्या साध्या, सगळ्या पट्ट्यांच्या इंडेक्सचं नाव आलं. खाली एक नवी ओळ: फिल्टर, स्थिती = $१. तिच्याखाली आणखी एक: फिल्टरने वगळलेल्या ओळी, आणि पुढे लाखांतला आकडा. त्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. ५० पट्ट्या आणण्यासाठी डेटाबेसने पेढीच्या सगळ्या वर्षांच्या पट्ट्या चाळल्या होत्या.

मग पोस्टग्रेसची रीत कळली. प्रिपेअर केलेली क्वेरी पहिल्या पाच वेळा तो दिलेल्या किमतीनुसार नव्याने आखतो. याला कस्टम प्लॅन म्हणतात. त्या वेळी $१ च्या जागी ‘बाकी’ हा शब्द प्लॅनरसमोर आलेलाच असतो, म्हणून त्याला सिद्ध करता येतं आणि छोटा इंडेक्स वापरता येतो. पाच वेळांनंतर तो विचार करतो की दर वेळी आखत बसण्यापेक्षा कोणत्याही किमतीला चालेल अशी एकच सर्वसाधारण योजना करून ठेवावी का? हा जेनेरिक प्लॅन. तो आखताना $१ मोकळाच असतो, आणि माहितीपत्रातला नियम इथे लागू होतो. म्हणजे नियमही खरा आणि सकाळही खरी. दोन्ही वेगवेगळ्या योजनांबद्दल बोलत होते.

पण पोस्टग्रेस डोळे मिटून जेनेरिककडे जात नाही. तो दोघांचा अंदाजे खर्च ताडून पाहतो. कस्टम प्लॅनच्या सरासरी खर्चात आखणीचा खर्चही धरतो, आणि जेनेरिक त्याहून स्वस्त दिसला तरच तो घेतो. छोटा इंडेक्स न वापरणारी योजना सहसा महाग दिसते, म्हणून बहुतेक ठिकाणी तो कस्टमवरच राहतो आणि कोणाला काही जाणवतही नाही. मग आमच्याकडे जेनेरिक स्वस्त का दिसला?

याचं उत्तर मिळालं तेव्हा मला खरा आनंद झाला. डेटाबेस प्रत्येक रकान्याची आकडेवारी ठेवतो. ‘बाकी’ फार थोड्या ओळींत आहे हे त्याला माहीत असतं. पण $१ मध्ये ‘बाकी’च येणार हे त्याला माहीत नसतं. अशा वेळी तो रकान्यात वेगळ्या किमती किती आहेत ते बघतो आणि समान वाटणी धरतो. आमच्याकडे स्थिती तीन, म्हणून अंदाज एक तृतीयांश. आता हिशोब बघा. तारखेच्या मोठ्या इंडेक्सवर जुन्या टोकापासून चालत निघालो आणि दर तिसरी पट्टी आपल्या कामाची असेल, तर ५० जमवायला साधारण १५० ओळी पुरतील. कागदावर याहून स्वस्त काय असणार? प्रत्यक्षात मात्र जुन्या टोकाला सगळ्या चुकत्या पट्ट्या. बाकी असलेल्या अगदी नव्या टोकाला. म्हणजे वर्षांमागून वर्षं ओलांडल्याशिवाय पहिली बाकी पट्टी भेटतच नाही. ‘जुनी आधी’ आणि ‘फक्त ५०’ या दोन साध्या शब्दांनी अंदाज आणि वस्तुस्थिती यांत एवढी दरी पाडली होती.

पैसे वेळेवर दिले जात होते, म्हणूनच बाकी कमी होती आणि ती शेवटीच होती. पेढीचा व्यवहार जितका चोख, तितकी ही क्वेरी मंद. आणि दर वर्षी चुकत्या पट्ट्या वाढणार, म्हणजे ती आणखी मंद होत जाणार. प्रोग्राम बंद करून उघडला की बरं वाटायचं तेही आता उलगडलं: नवी जोडणी, नवं प्रिपेअर, पाच वेळांची मोजणी पुन्हा शून्यापासून.

उपाय एका शब्दाचा निघाला. ‘बाकी यादी’ ही स्क्रीन जन्मात कधी चुकत्या पट्ट्या मागणार नाही. तिचा प्रश्न कायम बाकीचाच. मग स्थितीसाठी मोकळी जागा ठेवायची कशाला? मी क्वेरीच्या वाक्यातच स्थिती = ‘बाकी’ असं लिहिलं. आता योजना कस्टम असो वा जेनेरिक, अट प्लॅनरच्या डोळ्यांसमोर असते आणि छोटा इंडेक्स दर वेळी मिळतो. सुरक्षिततेलाही धक्का नाही, कारण हा शब्द प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिलेला आहे, खिडकीवरून टाइप झालेला नाही. एका शेतकऱ्याची बाकी शोधायची असेल, तर त्याचा खाते क्रमांक पॅरामीटरनेच जातो आणि गेलाच पाहिजे, कारण तो दर वेळी बदलतो. यादी दिवसभर झटपट येऊ लागली. काकांनी दुपारी मुद्दाम चारदोनदा बटण दाबून पाहिलं आणि मग काही न बोलता पुढच्या माणसाला हाक मारली.

एक स्क्रीन मात्र अशी आहे जिथे स्थिती खरोखर निवडावी लागते. हंगाम संपल्यावर वांध्याच्या पट्ट्या वेगळ्या काढतात, कधी चुकत्या तपासतात. तिथे मी तीन स्थितींसाठी तीन वेगळी वाक्यं ठेवली आणि निवडीप्रमाणे योग्य ते पाठवलं. दुसरा मार्गही होता. पोस्टग्रेसच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, प्लॅन कॅश मोड नावाची सेटिंग आहे. तिच्याने ‘कायम कस्टमच आख’ असं सांगता येतं. किंमत एवढीच, की दर वेळी आखणीचा खर्च येतो. दिवसातून क्वचित चालणाऱ्या क्वेरीला तो परवडतो. सेकंदाला शेकड्यांनी चालणाऱ्या छोट्या क्वेरीला जड जातो. एसक्यूएल सर्व्हरवर काम करणाऱ्यांनाही फिल्टर्ड इंडेक्सबाबत हीच अडचण येते आणि तेही क्वेरीला ‘दर वेळी नव्याने आख’ असं सांगून वाट काढतात. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात बांधलेल्या डेटाबेसांत एकच पेच निघतो, कारण तो कोणाच्या हलगर्जीपणातून आलेला नाही. योजना आधी ठरवायची आणि किंमत मागाहून कळायची, या क्रमातच तो आहे.

माझ्यासारख्या नवशिक्यांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. क्वेरी हाताने चालवून ‘माझ्याकडे तर वेगात चालते’ असं म्हणून थांबू नका. प्रोग्राम पाठवतो तशीच, पॅरामीटरसकट चालवा आणि पाचांच्या पुढे जा. १६ व्या आवृत्तीपासून तर एक्स्प्लेनला सरळ जेनेरिक प्लॅन विचारता येतो, मोकळी जागा मोकळीच ठेवून. आणि १४ व्या आवृत्तीपासून, प्रिपेअर केलेली क्वेरी किती वेळा कस्टम आणि किती वेळा जेनेरिक चालली, हे डेटाबेस त्या त्या जोडणीपुरतं मोजून दाखवतो.

आम्हाला शिकवलं जातं की वाक्यात किंमत लिहू नका, सगळं पॅरामीटरने पाठवा. परक्याच्या हातून येणाऱ्या मजकुराबाबत ही शिकवण सोन्यासारखी आहे, ती कधी सोडू नये. पण प्रत्येक प्रश्नाचे दोन भाग असतात. एक दर वेळी बदलतो: कोणता शेतकरी, कोणती तारीख. दुसरा कधीच बदलत नाही, त्या प्रश्नाचा तो स्वभावच असतो: ही यादी बाकीची आहे. बदलणारा भाग मोकळ्या जागेत जाऊ द्या. न बदलणारा भाग वाक्यात उघड लिहा. तो लपवला तर आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे तेच आपण डेटाबेसपासून दडवतो, आणि मग त्याला अंदाजावर चालावं लागतं.

आता पेढीवरची प्रत्येक क्वेरी मी याच नजरेने वाचते आहे. खळ्यावरच्या शिल्लक मालाची यादी, परत न आलेल्या गोण्यांची नोंद, न वटलेल्या चेकांची वही, सगळीकडे तोच नमुना दिसतो: थोडं चालू, उरलेलं सगळं संपलेलं. प्रत्येकीसमोर बसून विचारते, यात कायमचं काय आहे? ते सापडलं की इंडेक्स कोणता लागेल आणि वाक्य कसं लिहायचं, हे दोन्ही एकदमच ठरतं.